तिसरा मल्लाप्पा

बसाप्पांच्या फडात कुणालाही स्वतःचं नाव नव्हतं. झांज धरील तो शिदू, तुणतुणं धरील तो मल्लाप्पा. फड उभा राहिला तेव्हा ही वाद्यं ज्यांच्या हाती होती, त्यांची ही नावं. माणसं केव्हाच गेली होती, नावं मात्र वाद्यांना चिकटून राहिली होती.

जळकोटात माझं शिवणकामाचं दुकान. तुणतुण्याची जागा रिकामी झाल्याचं कळलं आणि मी फडाकडे गेलो. "म्या दत्तू शिंपी," म्हणालो. बसाप्पा डफ उन्हात तापवत होते. मान वर न करता म्हणाले, "दत्तू घरी. हितं मल्लाप्पा. हौदु का न्हाय?" हौदु म्हणजे कानडीत होय. त्यांच्या या प्रश्नाला न्हाय म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती.

नावाचं एक वेळ चाललं असतं. पण आधीच्या दोन मल्लाप्पांच्या चुकाही माझ्याच माथी! कडव्याच्या शेवटी माझी तार हटकून मागं पडायची. मग बसाप्पा डफ थांबवून ओरडत, "मल्लाप्पा! प्लेगाच्या साली बी हितंच चुकला हुतास!" प्लेगाच्या साली माझ्या आईचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मला भयंकर राग यायचा. सहा महिने झाले तरी या माणसाला माझं नाव लक्षात नाही, अशी माझी खात्रीच झाली.

त्या साली रझाकारांनी मुलूख धास्तावला होता. अशात निजामाच्या हद्दीपलीकडच्या एका जत्रेची सुपारी आली. झांजवाला तापानं पडलेला, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

नाक्यावर भर दुपारी अडवलं. निजामाविरुद्ध उठलेली माणसं नावं बदलून हद्द ओलांडत, म्हणून जमादार सोबत्यांना वेगवेगळं उभं करून एकमेकांची नावं विचारी. जुळली नाहीत की कोठडी. त्यानं बसाप्पांना आत नेलं, मला बाहेर ठेवलं. आप्पा आत काय सांगणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जमादार बाहेर आला. "नाम क्या तेरा?"

"मल्लाप्पा."

त्याचे डोळे बारीक झाले. "बुड्ढा तो बोलता, दत्तात्रय नारायण. दर्जी. माँ का नाम गंगूबाई."

आईचं नाव मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

बसाप्पांना बाहेर ओढलं. "हुजूर, फडातलं नाव हाय त्ये," ते हात जोडून म्हणाले. जमादारानं काठीनं तुणतुणं माझ्याकडे सरकवलं. "बजाव."

बसाप्पा गाऊ लागले. कडवं संपत आलं आणि तार मागं पडली. बसाप्पा नाका विसरले, जमादारालाही विसरले.

"मल्लाप्पा! प्लेगाच्या साली बी हितंच चुकला हुतास!"

जमादारानं माझं कोवळं तोंड न्याहाळलं, नाव खरंच फडातलं हे ओळखलं आणि पोट धरून हसत सुटला. "जाव, जाव!"

मैलभर चाललो. मग बसाप्पा एका बाभळीखाली मटकन बसले. आता शिव्या पडणार म्हणून मी आधीच म्हणालो, "आप्पा, चुकलं माजं."

"पाठचा भाऊ हुता माजा," ते म्हणाले. "मल्लाप्पा. प्लेगात गेला. त्याच्यामागनं आलेले तुमी दोगं, म्या हाक मारली की ओ देता. पन म्या मल्लाप्पा हाय, असं आपल्या तोंडानं आजवर कुनी म्हनलं न्हाय." त्यांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. "येकदा परत म्हन की."

मी त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, "म्या मल्लाप्पा."

"हौदु," बसाप्पा म्हणाले.