भवानी पेठेतील बंबाची मोहीम

कसबे सोलापूर, भवानी पेठ, येथे मार्गशीर्षमासी राजश्री सिद्रामअप्पा यांचे श्वासावर घाला पडला आणि न्हाणीघरी रण होऊन फत्ते कैसी जाहली, हा मजकूर घडला तैसा लिहिला असे. पदरचे काही घातले नाही.

गनीम म्हणजे हवेतील विषारी कण. केसाहून कैक पट बारीक, नाकाच्या चौकीस न जुमानता थेट फुप्फुसाचे किल्ल्यात शिरणारे. पावसाळ्यात पाऊस त्यांस धुऊन काढी, उन्हाळ्यात वारा उधळून लावी. परंतु थंडी पडोन गार हवेने शहरावर झाकण घातले म्हणजे गनीम तळ देऊन बसे, आणि मग अप्पा पहाटेपासून खोकत.

त्यांचे कुटुंब चंद्रव्वा मोठ्या पराक्रमी. अप्पा खोकले की बाईंनी तांब्याचा बंब पेटवावा आणि मागावरचे उरलेले रंगीत सूत आत कोंबावे आणि मग कढत पाण्याने अप्पांची छाती शेकावी. अप्पा अधिक खोकले की सूत अधिक कोंबावे, ऐसा चोख बंदोबस्त. दोष कारखान्याचे धुराड्याचा आणि रस्त्याचे धुळीचा, ऐसे फर्मान त्यांनी केव्हाच काढिले होते.

सूनबाई वैजयंती शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांनी कण मोजण्याचे यंत्र मागून आणिले आणि कूच केले. धुराड्याखाली आकडा चढला, आणि रस्त्याकडेला कचरा जळत होता तेथे आणखी चढला, आणि सासूबाई मागून ललकारत होत्या, "म्या सांगितलं न्हवतं का?" मग स्वारी घरी परतली, यंत्र न्हाणीच्या दारी, पेटल्या बंबासमोर ठेविले, तो त्याची मोजण्याची हद्दच संपली.

"यंत्र फितूर हाय," चंद्रव्वा कडाडल्या. "लगीन होऊन आल्यापासनं बंब पेटतोय. तवा कुटं खोकत हुते हे?"

अप्पांनी खोकत खोकत हात वर केला. "तवा बी खोकायचो की. तू म्हणालीस, बिडी सोडा. सोडली की!"

बाईंचे हातचे सूत गळाले.

मग तह जाहला. हंडे गच्चीवर मांडावे. सोलापूरचे ऊन थंडीतही चाकरीस हजर असते. आंघोळ दुपारी करावी. तोवर देवांनी पारोसे राहावे. त्यास देवांतर्फे संमती चंद्रव्वांनीच दिली.

पुढे एके पहाटे घर गप्प. चंद्रव्वा दचकून उठल्या आणि अप्पांस गदागदा हलवित्या जाहल्या.

"अवो! हाय का तुमी?"

"हाय की. झोपू दे."

येणेप्रमाणे न्हाणीघर सर जाहले. हमरस्ता अद्याप गनिमाकडेच आहे. बंब माळ्यावर कैद करोन मोर्तब केले असे.