राठोड आणि हिरवा तांडा

आमचा राठोड बिननावाच्या वस्तूला हात लावत नसे. ऑफिसातल्या इन्व्हर्टरला तो गणपतराव म्हणायचा आणि कुरकुरणाऱ्या प्रिंटरला शांताबाई. आम्ही हसलो की म्हणायचा, "हसा भाऊ. नाव ठेवलं की भेव कमी होते."

आणि भ्यायला त्याला काहीही पुरायचं. वीज, पाल, साहेबांचा खोकला. सगळ्यांत जास्त भ्यायचा तो लांबलचक सूत्राला. दारव्ह्याच्या आमच्या संस्थेत संगणकावर बोंडअळीचा नकाशा चालायचा. गावोगावच्या बाया सकाळी कपाशीतल्या सापळ्यांत अडकलेले पतंग मोजून मोबाइलवर आकडा पाठवायच्या. आकडा वाढला की गाव नकाशावर लाल, नाहीतर हिरवं. लाल गावाला लगेच इशारा जायचा. त्या वर्षांत बोंडंच्या बोंडं आतून पोखरलेली निघत होती. रंग चुकला तर अख्खं गाव बेसावध राहणार होतं.

हा रंग ठरवणारं सूत्र आधीच्या कुणा हुशार माणसानं मारुतीच्या शेपटासारखं लिहून ठेवलेलं. तीच सरासरी त्यात जागोजागी नव्यानं काढलेली. राठोडनं ते उकलायला घेतलं. हिशेबाचा एकेक तुकडा बाजूला काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि पुढे त्या नावानंच वापरायचा. याला व्हेरिएबल म्हणतात. इतर लोक क्ष, य लिहून मोकळे होतात. राठोडची नावं म्हणजे 'कालरात्रीचे_पतंग', 'नेहमीचे_पतंग' आणि शेवटी 'आता_भ्याचं_का'. साहेब वैतागले तेव्हा म्हणाला, "सायेब, नाव नसलं तं हाक कशी माराची?" सूत्र मात्र मलाही वाचता येईल इतकं सोपं झालं.

एका सकाळी तो पडद्यासमोर गारठून बसलेला. दिग्रसकडच्या त्याच्या गावाचा, म्हणजे बंजारा तांड्याचा, रकाना कोरा होता. तिथले सापळे त्याची आईच मोजायची. आकडा नाही, तरी तांडा हिरवागार. कारण आता सूत्रात सरळ दिसत होतं. 'कालरात्रीचे_पतंग' रिकामं आलं की संगणक ते शून्य धरत होता आणि शून्य म्हणजे सगळं आलबेल.

"याडी फोन उचलून नाही राह्यली," राठोड म्हणाला. आईला तो याडी म्हणतो.

मी मोटरसायकल काढली. दिवस फवारणीचे होते, औषध अंगावर जाऊन माणसं आडवी होत होती. वाटभर तो मागे बसून फोन लावत राहिला.

याडी बांधावर बसली होती, धडधाकट. शेजारचा सापळा पतंगांनी गच्च भरलेला. राठोडला बघून तिनं तोंड फिरवलं.

"आकडा काहून नाही धाडला?"

"कसा धाडू? तू लहानपणापासून भेकड. इतके पतंग पाहून जेवला नसता तू."

तो तिच्याजवळ खाली बसला आणि सापळा मांडीवर घेऊन पतंग मोजू लागला.

परत आल्यावर त्यानं सूत्रात सगळ्यांत वर एक नवं नाव घातलं: 'निरोप_आला_का'. निरोप नसेल तर गाव लाल. सूत्र चालवलं, आणि नकाशावरची हिरवी गावं एकामागून एक लाल होत गेली. इतक्या बाया गप्प बसल्या होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता.

राठोडनं फोन ओढला आणि पहिल्या लाल गावातल्या बाईला लावला. आकडा त्यानं विचारलाच नाही.

"मावशी," तो म्हणाला, "जेवल्या काय?"