कोमोपंतांचं तळं

मासुंदा तळ्याच्या पायरीवर बसून कुणी नुसतं "काय झकास वारा सुटलाय!" म्हणालं, की पाठीमागून ठरलेला आवाज यायचा, "बरा आहे. पण ते तळं निराळं!"

वळून पाहायची गरज नसे. हे वाक्य सबंध ठाण्यात एकाच माणसाचं, आमचे शेजारी केशवपंत यांचं. सगळं गाव त्यांना कोमोपंत म्हणे.

त्याचं असं झालं. पंत एका गोऱ्या साहेबाला मराठी शिकवायला जात. साहेबाची तब्येत ढासळली आणि तो हवापालटासाठी इटालीत, कोमो नावाच्या तळ्यावर निघाला. त्याचं मराठी म्हणींचं पुस्तक अर्धवट राहिलेलं, म्हणून म्हणींबरोबर त्यानं पंतांनाही बोटीत घातलं. पंत एक उन्हाळा आणि एक सुगी तिथं राहिले. परत आले खरे, पण मन बहुतेक तिकडेच विसरून आले.

"अरे, डोंगर थेट पाण्यात उतरलेले," ते सांगायचे. "त्यांना गावं चिकटवलेली. गल्ल्या कसल्या, नुसत्या पायऱ्या! भाजी आणायची तर मलंगगड चढावा लागतो. होडीवर आपल्या छकड्यासारखा टप. घाटावर बायका धुणं बडवतात आणि भांडतात. भाषा कळायची नाही, पण भांडण सगळं कळायचं."

आमच्या पारसिकच्या डोंगराला ते 'उशी' म्हणत. तिकडचे लोक तळ्यातले मासे उन्हात वाळत घालतात हे सांगताना "वास आला की अगदी चेंदणीच्या कोळीवाड्याची आठवण यायची, डोळे भरून यायचे," असं ते भर ब्राह्मण आळीत मोठ्यानं म्हणायचे. खिडक्या लागायच्या.

पण खरा रंग चढायचा तो पोलेंतावर. पोलेंता म्हणजे मक्याचं पीठ. तांब्याच्या हंड्यात हात दुखेपर्यंत घाटायचं, पिठल्याहून घट्ट झालं की लाकडी पाटावर ओतायचं आणि दोऱ्यानं कापायचं. सुरी लावायची नाही. पंत स्वतः चूल मांडून ते करत. एकदा कुणीतरी त्यांना दोऱ्यानं वड्या पाडताना पाहिलं आणि दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की पंत जानव्यानं जेवण कापतात. पंत हसून म्हणाले, "जानव्याला एवढी धार असती तर इंग्रज आले असते का?"

समुद्र ओलांडला म्हणून त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मी हजर होतो. शास्त्रीबुवांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अभक्ष्य काय भक्षण केलंत ते सांगा."

"अभक्ष्य काही नाही. हातानं शिजवत होतो. पण पोलेंता गरम असताना वर ताजं लोणी सोडायचं. ते वितळून कडेनं ओघळायला लागलं, की खारवलेल्या खरवसासारखं एक असतं, ते वर किसायचं..."

"बरं, मग?"

"मग घास उचलला की त्याला तार सुटते."

"वर जिरं वगैरे?" शास्त्रीबुवांनी विचारलं. बिचाऱ्यांचा त्या दिवशी उपास होता. प्रायश्चित्त पंतांनी घेतलं आणि सुस्कारा शास्त्रीबुवांनी टाकला.

शास्त्र पार पडलं, पण लोक राहिले. पंत विधुर, भावाच्या घरी राहायचे. तिथंही त्यांचं पान पडवीत. गावात कुठंही कार्य असलं की पंगत आत आणि पंत बाहेर, आणि त्यांना वाढायचं सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या भांड्यातून. त्यांच्या हातचं तर कुणी खातच नसे. "मला ऐसपैस बसता येतं," ते म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसत म्हणून आम्हाला सोपं जायचं.

माझ्या मुलाची मुंज ठरली. आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच पंत म्हणाले, "माझं पान पडवीतच मांडा हो. वारा असतो तिथं."

हे सगळं माझ्याबरोबर आलेली बयोआत्या ऐकत होती. ही माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी विधवा झालेली, लाल अलवणातली, सोवळ्याची इतकी कडक की गावात कुणाला शंका आली तर शास्त्रीबुवांआधी तिला विचारत. तिनं दारातूनच, अंग चोरून विचारलं, "काय रे केशवा, तिकडे तुला पीठ-मीठ कोण देत असे?"

"तेरेसा म्हणून एक म्हातारी होती, आत्या. नावाड्याची बायको, तीही विधवाच. मी झाडाखाली एकटा शिजवतो हे तिनं पाहिलं. कुणीतरी तिला सांगितलं, की हा कुणाच्या भांड्यातलं खात नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नवा कोरा तांब्याचा हंडा माझ्यापुढं आणून ठेवला. शिवली नाही, लांबूनच सरकवला."

"वड्याही दोऱ्यानं कापायच्या म्हणजे सुरीचाही संपर्क नाही," आत्या म्हणाली. "बाई सोवळी दिसते."

"आणि मला तिच्या मेजावर बसता येईना," पंत म्हणाले, "म्हणून आत्या, ती आपलं सगळं घर ताटांसकट अंगणात घेऊन यायची. रोज. मी माझ्या झाडाखाली, ती मंडळी चार हात लांब. पण जेवायला एकत्र."

एरवी ही गोष्ट पंत कुणाला सांगत नसत. वाटेत आत्या माझ्यावर उगाचच खेकसली.

मुंजीच्या दिवशी पंगत बसली. पहिल्या पानावर शास्त्रीबुवा, पडवीत एकटे पंत. वाढपी वरणाचं भांडं उचलणार तोच आत्या पुढं आली. "ठेव ते. मी वाढते."

भांडं घेऊन ती सरळ पडवीत गेली. पंतांच्या भातावर तिनं वरण घातलं, त्यावर तूप. मग तीच पळी, तेच भांडं घेऊन ती आत आली आणि शास्त्रीबुवांच्या पानासमोर वाकून उभी राहिली.

माजघरातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. भातावर वरण पडलं की सगळी पंगत पंतांबरोबर जेवली असं होणार, हे प्रत्येकाला कळलं होतं. पण बोलणार कोण? बयोआत्याला सोवळं शिकवायची छाती सबंध ठाण्यात कुणाची नव्हती. शास्त्रीबुवांनी पळीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, भाताला हातानं आळं केलं आणि म्हणाले, "घाला. तूप जरा सढळ हातानं."

पंगत सुरू झाली. मी पडवीत डोकावलो. पंत भात कालवत होते, नुसते कालवतच होते. आत्या उंबऱ्यातून ओरडली, "जेव की रे, गार होतंय! की तुमच्या तळ्यावरच्यासारखं जमलं नाही?"

पंतांनी मान हलवली. जन्मभर बडबडलेला माणूस, पण त्या दिवशी उठेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्यावर गेलो. कल्याणचा कुणी पाहुणा पायरीवर बसला होता आणि आपल्या गावच्या जेवणाचं कौतुक करत होता. पाठीमागून ठरलेला आवाज आला.

"बरं असेल. पण आमच्या बयोआत्याचं वरण निराळं!"