डॉक्टर रावांची डावी कूस

चेन्नईत अड्यारला आमच्या खालच्या मजल्यावर डॉक्टर रावांचं घर आणि दवाखाना. तुम्ही पाय मुरगळला म्हणून गेलात, तरी आधी तुमच्या नाकाखाली चमचा येतो. थंड पाण्याच्या फुलपात्रातून काढून पुसलेला, स्टीलचा. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफ धरली तर तुम्ही पास. एकीकडेच धरली, तर पाय राहतो बाजूला आणि नाकाची चौकशी सुरू होते.

"आधीं नाक, मग गोष्ट!" हे त्यांचं ब्रीद. मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ हेलात मुरलेली. माझी साताऱ्याची मराठी त्यांच्या मते 'हल्लीची' आहे.

नाकात घालायच्या थेंबांशी त्यांचं हाडवैर. पर्समध्ये बाटली दिसली की जप्त. "चार दिवस घालावें, मां. पांचवे दिवशीं नाक तुमचें नाहीं, बाटलीचें!" मग मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचा धडा, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "कुठले कुशीवर निजतां?" ज्या कुशीवर निजाल तिकडचं नाक चोंदतं, म्हणून कूस बदला.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाकाकू वारल्या. तेव्हापासून डॉक्टरांचंच नाक चोंदलं. रात्री झोप नाही, दिवसा पेशंटसमोर डुलक्या. नाकाच्या स्पेशालिस्टनं तपासून आत काही नसल्याचं सांगितलं. "पुरे झालें, बोर्ड उतरवतों," असं डॉक्टर म्हणू लागले, तेव्हा मात्र मी हादरले. दवाखानाही गेला तर या माणसाला उरणार काय?

एका सकाळी मीच चमचा त्यांच्या नाकाखाली धरला. उजवीकडे वाफ, डावीकडे कोरडा.

"कुठल्या कुशीवर झोपता?"

"डावे."

"मग बदला की! साऱ्या अड्यारला सांगत फिरता."

डॉक्टरांनी चमचा माझ्या हातून घेऊन फुलपात्रात टाकला.

"नाक झालं. आता गोष्ट सांगा."

"तिची खाट डावेकडें आहे, मां. उजवेकडें वळलों तर तिला पाठ होते. भांडण झालें तरी पाठ करून निजूं नये, हा तिचा कायदा."

मला भरून आलं. पण रडलं की नाक चोंदतं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

"उशी पायथ्याशी घ्या," मी म्हटलं. "मग उजव्या कुशीवर झोपलात तरी तोंड त्यांच्याकडेच राहील."

"अय्यय्यो! उत्तरेकडें डोकें?"

आठवड्यानं खाली गेले. बोर्ड जागेवर होता. न विचारता त्यांनी स्वतःच चमचा नाकाखाली धरून दाखवला. दोन्हीकडे वाफ.

"झोप लागते?"

"लागते. पण उत्तरेकडें डोकें पाहून ती रोज बोलते मला," डॉक्टर चमचा पुसत म्हणाले. "बोलूं दे."