टीव्हीवरचं कव्हर

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत नव्वदच्या दशकात गणपतीत व्हिडिओवर सिनेमा दाखवायचे, आणि प्रेमाचा प्रसंग आला की गांगुर्डेकाका उठून टीव्हीवर कव्हर टाकायचे. नुसतं कव्हर. आवाज चालूच! पोरं त्या आवाजावरून जे काय कल्पून घेत, ते मूळ प्रसंगात कधीच नसे.

काका सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म कागद उजेडात धरून खोट शोधण्यात गेलेला. त्यामुळे कॅसेट आधी बघून पालकांना निकाल सांगायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, तरी प्रत्येक निकाल ‘पालक म्हणून सांगतो’ असाच सुरू होई. काकू गेल्यापासून ते बहुधा या कामापुरतेच चारचौघांत येत.

निकाल मात्र डोकं चक्रावून टाकणारे. नायिका धबधब्याखाली चिंब भिजतेय, तर, “निसर्ग हाय. चालू द्या.” दोन गुलाब वाऱ्यानं एकमेकांवर डुलले की कव्हर! “फुलांचा अर्थ पोरांना बरोबर कळतो.” खुलासा विचारायला जावं, तर आपलाच गोंधळ वाढे.

एका वर्षी जुना, गाजलेला प्रेमपट आणला. काका म्हणाले, “पालक म्हणून सांगतो, लय निर्मळ. एक जागा सोडून.” झालं, सगळे पालक त्या जागेची वाट बघत बसले. नायक-नायिका बागेत लोळले, भिजले, शेकोटीपाशी अगदी खेटून बसले. काका ढिम्म. शेवटी आयांनीच पोरांचे डोळे झाकले.

पुढं नायिका आजारी पडली. नायक उशाशी बसून तिचे केस विंचरून वेणी घालू लागला, आणि काका धडपडत उठले. कव्हर टाकून वर हात दाबून उभे राहिले.

“अहो काका, वेणी घालतोय तो नुसती!” शेजारच्या पाटीलवहिनी ओरडल्या.

“तेच तर,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. काकांचं आता काही खरं नाही, हे काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं, असं ठरलं. त्यांच्याकडून कव्हर परत आणायला सेक्रेटरी म्हणून मला पिटाळलं.

काकांनी कव्हर धुऊन, घडी करून ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. तसंच निघायचं, पण राहवलं नाही.

“काका, त्यात वाईट काय होतं?”

“वाईट कुठं काय?” काका म्हणाले. “हिचे हात उचलेनात ना शेवटी, तेव्हा वेणी मीच घालायचो. वाकडीतिकडी. हसायची. पण आधी दार लावायला सांगायची. म्हणायची, कुणी बघाय नको.” त्यांनी माझ्या हातातल्या कव्हरची घडी सारखी केली. “सिनेमात त्या पोरीचं दार उघडंच होतं रे. म्हटलं, आपण लावावं.”

  मी कव्हर परत त्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि विचारलं, “काका, पुढची कॅसेट कधी आणून देऊ?”