आठव्या तुकड्याची घट

हंबीरराव होणाऱ्या जावयाची परीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्या खिशात तीन वस्तू होत्या. एक काळा गॉगल, एक लायटर आणि तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक काटा. गॉगल वेषांतरासाठी होता. बाकीच्या दोन वस्तू ते झोपतानाही उशाशी ठेवत.

तीस वर्षं त्यांनी तमिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान चालवलं होतं. लोकांचं मोडीचं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढून चोख करून द्यायचं. या धंद्यात माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही म्हणतात. हंबीररावांचा तो सेलमला जायच्या आधीपासूनच नव्हता. सुट्टीला विट्याला आले की ते घरातलं तूप तपासायचे, शेजाऱ्यांचा मध तपासायचे, आणि तपासायला काही उरलं नाही की भाचरांच्या मार्कशीटवरचा शिक्का खरा आहे का ते उजेडात धरून बघायचे.

त्यांच्या मुलीची, पल्लवीची, तीन स्थळं याच तपासणीत वितळून गेली होती. पहिल्या मुलाचं घड्याळ नकली निघालं. दुसऱ्या मुलाच्या बापाच्या अंगठीवर हंबीररावांनी भर बैठकीत तेजाबाचा थेंब टाकला. तिसरी मंडळी गावात आली, ‘हंबीरराव म्हणजे तेजाबवालेच का?’ असं चौकात विचारलं, आणि रसवंतीवर रस पिऊन तिथूनच परत गेली.

आता चौथं स्थळ जयराजचं होतं. पोरगं इंजिनियर होतं, पुण्याची नोकरी सोडून त्यानं विट्यातच कराड रस्त्याला ‘जय पिझ्झा’ नावाचं छोटं हॉटेल काढलं होतं. मध्यस्थानं फोटो आणि माहितीचा कागद आणून दिला होता. मंडळी रविवारी बघायला येणार होती. फोटो पाहून पल्लवीनं पहिल्यांदाच नाक मुरडलं नव्हतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “ह्या खेपेला काय गाळायचं न्हाई. हे स्थळ जर तुमी मोडलंसा, तर मी परत कुणाफुडं पोह्याची बशी घिऊन जाणार न्हाई. कायमचं.”

पोरगी आवाज न चढवता बोलली, म्हणून हंबीरराव खरोखरच घाबरले. ती बोलते ते करते, हे त्यांना ठाऊक होतं. पण भीती एकीकडे आणि खोड एकीकडे. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी बायकोला गाडीवर बसायला सांगितलं.

“मोडायचं न्हाई गं. नुसतं बगून यायचं. रविवारी पोरगं घासूनपुसून बसणार. माल बगायचा तर मालकाला न सांगता बगावा.”

“आवं, माल काय? जावई हाय त्यो,” संयोगिताबाई म्हणाल्या.

“आजून न्हाई.”

हॉटेलात सहा टेबलं होती. काचेमागे भट्टीपाशी टोपी घातलेला एक उंच पोरगा कणकेचा गोळा थापत होता. हाच जयराज. काउंटरवर एक मुलगी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर पदर खोचून बसलेली एक बाई ढबू मिरच्या चिरत होती. चिरलेल्या मिरच्या तिच्यापुढच्या पाण्याच्या पातेल्यात पडत होत्या.

“काका, ऑर्डरला नाव सांगा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“ज्ञानू शेडगे,” हंबीरराव गॉगल सावरत म्हणाले. “मेढ्याचं. तांदळाचा यापार हाय आपला.”

“मोबाईल नंबर?”

इथे तीस वर्षांच्या दुकानदारीनं घात केला. विचारायचा अवकाश, हंबीररावांनी स्वतःचे खरे दहा आकडे खणखणीत आवाजात म्हणून टाकले. संयोगिताबाईंनी त्यांच्या कोपराला चिमटा काढला, पण तोवर मुलीनं नंबर टिपला होता. तिनं मोबाईलकडे पाहिलं, हंबीररावांकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं आणि तोंडाला ओढणी लावून आत पळाली.

“स्टाफ हसरा हाय,” हंबीररावांनी मनात एक गुण दिला.

मुलगी परत आल्यावर त्यांनी विचारलं, “ह्यो मिडीयम पिझ्झा कितीचा?”

“नऊ इंचाचा.”

“इंच काय करायचंत, कापड घ्यायचंय व्हय? ग्रॅम किती?”

“ग्रॅम... ते कधी बघितलं नाही, काका.”

“ऱ्हाऊ दे. आमी बगतो.”

ते मुद्दाम कोपऱ्यातल्या बाईशेजारच्या टेबलावर बसले. मालकाची खरी माहिती नोकराकडे मिळते, हा त्यांचा सिद्धांत होता.

“आक्का, लय दिवस झालं का हितं कामाला?”

बाईंनी सुरी थांबवली. काउंटरवरच्या मुलीकडे एकदा पाहिलं. “हाटेल निगालं तवापास्नं हाय की, पावणं.”

“मालक कसा हाय?”

“तापट हाय जरा. सकाळी उटवल्याबिगर उटत न्हाई. चा पितो आन् कप तितंच ठिवतो.”

“पगार देतो का येळेवर?”

“कशाचा पगार! आजून एक रुपाया हातावर ठिवला न्हाई.”

हंबीररावांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. “बग! म्हातारपणाकडं झुकल्याली बाई, फुकट राबवतोय. आन् आक्का, नाद बिद काय?”

“हाय की.”

हंबीरराव खुर्चीतून पुढे सरकले. “कसला?”

“क्रिकेटचा. मॅच लागली की भट्टीकडं ध्यान नसतं.” बाईंनी आणखी एक मिरची घेतली. “तुमी काय करता म्हणालासा? तांदूळ?”

इथे गप्प बसणारा माणूस वेगळा. तांदळाबद्दल काय बोलायचं हे हंबीररावांना माहीत नव्हतं, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल बोलल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

“तांदूळच. पण माजा एक मैतर हाय, गलाईवाला. लय डोकेबाज! शंबर ग्रॅम सोनं गाळाय आलं की अट्ट्याण्णव परत द्यायचं. गिऱ्हाइकानं इचारलं तर म्हणायचं, घट हाय, आगीत गेली. आग काय साक्ष द्याय येतीया व्हय?”

“आन् जाती कुटं खरी?”

“थोडी जाती आगीत.” हंबीररावांनी डोळा मारला, गॉगलमुळे तो वाया गेला. “बाकीच्या घटीवर मैतरानं घराचा वरचा मजला चढवला. बंगल्यावाणी!”

संयोगिताबाई छताकडे बघू लागल्या. त्या वरच्या मजल्यावर राहायला जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

एवढ्यात पिझ्झा आला. गरम, वाफाळलेला, आठ तुकडे केलेला. संयोगिताबाईंनी हात पुढे केला तो हंबीररावांनी अडवला आणि खिशातून काटा काढून टेबलावर मांडला. कागदी रुमाल ठेवून काटा शून्यावर आणला आणि ते एकेक तुकडा वजन करू लागले. पलीकडच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी खाणं थांबवून मोबाईल वर धरले.

“ह्यो एकसष्ट. ह्यो एकोणपन्नास! बारा ग्रॅमचा फरक! ज्याला आठ सारखं भाग करता येत न्हाईत त्यो संसार काय सारखा करणार?”

“आवं, गार व्हाय लागलंय,” संयोगिताबाई म्हणाल्या. “भूक लागलीया मला.”

“थांब की. चीज आसली हाय का बगूया. खरी वस्तू आगीला भीत न्हाई.”

त्यांनी काटेचमच्यावर चीजची एक लांबलचक तार गुंडाळली आणि खालून लायटर धरला. चीज खरं होतं की नाही ते कळायला मार्ग उरला नाही, कारण ते वितळून खालच्या कागदी रुमालावर ठिबकलं आणि त्याच्या पाठोपाठ लायटर धरलेला हातही खाली गेला. रुमालानं पेट घेतला. हंबीररावांनी फुंकर मारली तेव्हा तो उडून टेबलावर अंथरलेल्या कागदावर पडला. कागद पेटला. हंबीरराव वाकून आणखी जोरात फुंकू लागले आणि त्यांच्या डाव्या मिशीच्या टोकानं चुर्र केलं.

“आवं मिशी! मिशी!” संयोगिताबाई ओरडल्या.

कोपऱ्यातली बाई उठली, आणि ढबू मिरच्यांचं पातेलं पाण्यासकट तिनं टेबलावर रितं केलं. आग विझली. पिझ्झा वाहून गेला. गॉगल खाली पडला आणि हंबीररावांच्या डोक्यावर, खांद्यावर आणि खिशात मिरच्यांच्या हिरव्या चकत्या बसल्या.

काचेमागचा जयराज धावत बाहेर आला. “भाजलं का कुठं, हंबीरमामा?”

“कोण हंबीरमामा?” भिजलेले हंबीरराव म्हणाले. “मी ज्ञानू शेडगे. मेढ्या—”

काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर फेटा बांधलेले, दोन्ही मिशा शाबूत असलेले हंबीरराव हसत होते. खाली लिहिलं होतं, ‘हंबीरशेठ गलाईवाले, सेलम’.

“बिल पाठवायला नंबर टाकला तर हेच आलं, काका,” ती म्हणाली. “मी सोनम. जयराजदादाची बहीण.”

कोपऱ्यातल्या बाईंनी पदराला हात पुसले. “आन् मी राहीबाई. त्येची आई. म्हणून पगार न्हाई.”

मिशी जळाल्याचं हंबीररावांना काही वाटलं नाही. कॉलेजची पोरं शूटिंग करत होती त्याचंही नाही. त्यांच्या कानात पल्लवीचं ‘कायमचं’ तेवढं घुमत होतं. चौथं स्थळही गेलं, आणि या वेळी दोष द्यायला घड्याळ नव्हतं, अंगठी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि सवय नसल्यामुळे ती चेहऱ्यावर कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

“चुकलं,” ते पुटपुटले. “लय चुकलं. पोरीला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. तिला यात धरू नगासा.”

जयराजनं टेबल पुसलं, दोघांना दुसरीकडे बसवलं आणि तो भट्टीकडे गेला. थोड्या वेळानं नवा पिझ्झा आला. संयोगिताबाई कुणाची वाट न बघता खायला लागल्या. हंबीररावांनी मान खाली घातली होती, पण डोळ्यांना सवय होती, त्यांनी मोजलंच.

“सातच तुकडं?” तोंडातून निसटलं. “आठवा कुटाय?”

“आगीत गेला,” राहीबाई म्हणाल्या. “घट.”

संयोगिताबाईंना एवढं हसू आलं की घास घशात अडकला. बावीस वर्षं पल्लवीनं आणि तीस वर्षं त्यांनी जे ऐकून घेतलं होतं त्याचं सगळं हसू त्यांनी त्या टेबलावर काढून घेतलं. हंबीरराव मान खाली घालून मुकाट्यानं साडेतीन तुकडे जेवले आणि एकाचंही वजन केलं नाही.

निघताना राहीबाई दारापर्यंत आल्या. “एकच इचारते, इहीनबाई. पोरगी कुणावर गेलीया? बापावर का तुमच्यावर?”

हंबीररावांनी तोंड उघडलं.

“माज्यावर,” संयोगिताबाई त्यांच्या आधी म्हणाल्या.

“मग येतो रविवारी.” राहीबाईंनी एक छोटा पुठ्ठ्याचा डबा त्यांच्या हातात दिला. “ह्यो आठवा तुकडा. जयराजनं पल्लवीसाठी काढून ठिवला हुता. आमची घट कुटं जाती ते आमी सांगतो, पावणं.”

घरी आल्यावर संयोगिताबाई पोरीला बोलवायला वरच्या मजल्यावर गेल्या. वरून आधी पल्लवीचं ओरडणं आणि मग दोघींचं हसणं ऐकू आलं. म्हणजे वाचलो, असं हंबीररावांनी ताडलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. खाली ते आणि तो डबा, दोघंच होते.

त्यांनी काटा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि सुरू होतो का पाहिलं. झाला. डब्याचं वजन वजा करून त्यांनी तुकडा ठेवला. त्र्याहत्तर ग्रॅम! हॉटेलात तोललेल्या एकाही तुकड्याच्या वाट्याला एवढं आलं नव्हतं. त्यांनी दोनदा ठेवून पाहिलं, दोन्ही वेळा तेवढंच. पोरानं सगळ्यात मोठा तुकडा पल्लवीसाठी काढला होता, आणि तोही कुणी वजन करणार नाही असं समजून.

“चोख हाय,” हंबीरराव स्वतःशीच म्हणाले. “पोरगं एकदम चोख हाय.”

जिन्यावर पावलं वाजली. त्यांनी घाईघाईनं तुकडा डब्यात सरकवला आणि काटा खिशात टाकला. पल्लवीनं हसत हसत डबा उघडला आणि तिचं हसू थांबलं.

“पप्पा, ह्येचं टोक कुटाय?”

हंबीररावांनी तोंडातलं गिळलं.

“घट,” ते म्हणाले.