गोधडीखालची ठिणगी

भर उन्हात स्कूटरसकट गोधडीखाली शिरलेला साठीचा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आमचे दत्तूकाका तुम्हाला भेटलेलेच नाहीत. हातखंब्याला आमच्या घराशेजारी त्यांचं गॅरेज. प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी पडते का बघायचं. उजेडात ती नीट दिसत नाही, म्हणून गोधडी. किक मारायला गिऱ्हाईक बाहेर, हुकूम आतून.

काका एका जागी ठरतील तर शपथ. रस्त्यावर कुणी चौथी किक मारली की चहा टाकून धावतात. पण "तपासल्याशिवाय बदलायचं नाय" हा हट्ट. नवा पार्ट मागणाऱ्याला सरळ हाकलतात. अशाने धंदा कसा होतो, देव जाणे.

परवा माझीच स्कूटर बंद पडली. बायकोला महिनाभर चक्कर येत होती आणि मेडिकलमधून तिसरी, वेगळी गोळी आणायला मी निघालो होतो. म्हटलं, काका, तो ठिणगी पाडणारा सीडीआयचा काळा डबा नवा टाका आणि मोकळं करा मला. झालं!

"मास्तर, शाळेत पण न तपासताच मार्क देतोस काय?" म्हणत काका गोधडीत.

मी तासभर किका मारतोय, जीव घरी अडकलेला. प्लग बरा, कॉईल बरी, डबाही बरा. शेवटी मॅग्नेटकडून येणारी वायर उंदराने कुरतडलेली निघाली. जोडल्याबरोबर निळी ठिणगी पडली. तीन डबे बदलले असतेस तरी गाडी ढिम्म हलली नसती, असं काकांनी सुनावलं. मग हात पुसत विचारलं, एवढी घाई कसली? मी सांगितलं.

काकांनी गोधडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. काकूंनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली ती गोधडी. काकू जाऊन चार वर्षं झाली.

"हिला पण चक्करच यायची रे," ते म्हणाले. "मी नुसत्या गोळ्या बदलत राहिलो. तपासून घेतलं नाय."

मला माझीच लाज वाटली. मेडिकलकडे न जाता घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हॉर्न. काका धुतलेल्या शर्टात, कुणाची तरी रिक्षा मागून आणलेली. गॅरेजला कुलूप. मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली, तेलाचे डाग खालच्या बाजूला करून.

"सूनबाईला आण," काका म्हणाले. "रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ. सगळं तपासेपर्यंत मी बसतो तिथे."